रथक्षोभ व अत्यासन : सहकुटुंब दीर्घ मोटारप्रवासापूर्वी वैद्याने द्यावयाचा सल्ला

वार्षिक परीक्षा आटोपल्या, की आपल्या चिकित्सालयात एका विशिष्ट प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. वस्तुतः ते रुग्ण नसतातच. उद्या पहाटे सहकुटुंब मोटारीने निघावयाचे असते, बांधाबांध झालेली असते आणि घरातील एखादी व्यक्ती वाटेत पाच मिनिटे डोकावून म्हणते, "वैद्यराज, मुलांना उलटीचे काहीतरी द्या, आणि आईच्या गुडघ्यांसाठी तेल द्या." आपण पुड्या बांधतो, तेलाची बाटली देतो आणि 'शुभप्रवास' म्हणून निरोप देतो. दिवाळीच्या व नाताळच्या सुट्टीतही हेच घडते. औषधालयांतही तीच गर्दी, तीच घाई.

या पाच मिनिटांत आपण काय विचारले नाही, याचा हिशेब मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दीर्घ प्रवास हा एक स्वतंत्र व्याधिहेतू आहे, हे आपल्या शास्त्राने स्पष्टपणे सांगून ठेवलेले आहे. मात्र प्रवासाचे स्वरूप बदलले आणि त्या हेतूचे बलाबलही बदलले. हा बदल लक्षात न घेता दिलेला सल्ला अपुरा पडतो, क्वचित घातकही ठरतो.

शास्त्रात प्रवासाचे स्थान

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील बाराव्या अध्यायात, शोधनोत्तर काळात रुग्णाने वर्ज्य करावयाच्या आठ महादोषकर भावांची गणना आली आहे. उच्च स्वरात बोलणे, रथक्षोभ, अतिचंक्रमण, अत्यासन, अजीर्ण व अध्यशन, विषम व अहित भोजन, दिवास्वाप आणि व्यवाय हे ते आठ भाव होत. यांत 'रथक्षोभ' आणि 'अत्यासन' हे दोन भाव स्वतंत्र मोजले आहेत, याकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. वाहनाचे हादरे हा एक हेतू आणि एकाच जागी फार काळ बसून राहणे हा दुसरा.

रथक्षोभाची जी लक्षणे तेथे वर्णिली आहेत, ती आजच्या प्रवाशाला वाचून दाखविली तर तो चकित होईल. सांध्यांचे शैथिल्य, डोके व कान दुखणे, कुक्षीत क्षोभ, आटोप, आंत्रकूजन व आध्मान, कटी, पृष्ठ, पार्श्व व स्फिक् प्रदेशी वेदना, खांदे व मान यांचे दौर्बल्य, पायांना सूज, बधिरता व मुंग्या, ही सर्व त्या यादीत आहेत. बाराशे किलोमीटरचा प्रवास करून उतरलेल्या आजोबांच्या तक्रारी याहून निराळ्या नसतात.

दुसरा संदर्भ वेगधारणाचा. चरकाच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय आणि अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील चौथा अध्याय या विषयाला वाहिलेले आहेत. अधारणीय वेग तेरा सांगितले आहेत. मोटारीत बसलेल्या कुटुंबाकडे या दृष्टीने पाहावे. मूत्र, पुरीष, अधोवात, क्षुधा, तृष्णा आणि निद्रा हे सहा वेग तेथे हटकून अडविले जातात, आणि घाटात गाडी थांबवावयास जागा नसल्यास छर्दीचा सातवा. एरवी एकेका वेगाच्या धारणाने होणारे विकार आपण रुग्णाला समजावून सांगतो. प्रवासात मात्र सहा-सात वेगांचे धारण एकाच दिवशी, एकाच व्यक्तीकडून आणि तेही आनंदाने घडते.

रस्ते सुधारले, हेतू बदलला

जुन्या काळी बैलगाडीच्या प्रवासात रथक्षोभ तीव्र होता. परंतु अत्यासन नव्हते. बैलांना विश्रांती लागे, चढावर माणसे खाली उतरून चालत, मुक्काम ठरलेले असत. एस.टी.च्या प्रवासातही प्रत्येक मोठ्या स्थानकावर गाडी थांबत असे. आज उत्तम मार्ग झाले, गाड्यांची बैठक मऊ झाली, हादरे कमी झाले. अर्थात रथक्षोभ घटला. परंतु याच कारणामुळे थांबण्याची गरज वाटेनाशी झाली आणि अत्यासन कित्येक पटींनी वाढले. "सहा तास कोठेही न थांबता आलो," हे वाक्य आज अभिमानाने उच्चारले जाते. वैद्याच्या कानाला ते हेतुकथन म्हणून ऐकू आले पाहिजे.

उदाहरणादाखल पुणे ते उटी हा अनेक मराठी कुटुंबांच्या आवडीचा मार्ग घेऊ. पुणे-कोल्हापूर-बेळगाव-हुबळी हे अंतर सुमारे ४३५ किलोमीटर, हुबळी-बंगळूर सुमारे ४१०, बंगळूर-म्हैसूर सुमारे १४५ आणि म्हैसूर-उटी सुमारे १२५ किलोमीटर. एकूण अकराशे किलोमीटरच्या पुढे. म्हैसूरच्या पुढे बंदीपूरच्या अभयारण्यातून जाणारा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ वाहतुकीस बंद असतो. ज्याला हे ठाऊक नसते तो वाटेत रमतो आणि नंतर फाटक बंद होण्याच्या आत पोहोचण्यासाठी गाडी पिटाळतो. त्या दोन-तीन तासांत कोणीही पाणी मागत नाही, कोणीही 'थांबा' म्हणत नाही. त्यापुढे मसिनगुडी-कलहट्टीचा घाट, त्याची छत्तीस वळणे, आणि अखेर समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवरील थंड हवा. उष्ण मैदानी प्रदेशातून शीत, आर्द्र प्रदेशात एका दुपारी झालेले हे स्थलांतर तमकश्वासाच्या रुग्णाला, आमवाताच्या रुग्णाला काय करील, हे वाचकांना सांगणे नलगे.

तात्पर्य, मार्ग कोणता, मुक्काम किती आणि सारथ्य कोणाचे, हे तीन प्रश्न औषध देण्यापूर्वी विचारले पाहिजेत. वरील मार्गास हुबळी, बंगळूर व म्हैसूर असे तीन मुक्काम असतील तर बहुतेक विकार उद्भवतच नाहीत. निदानपरिवर्जन हीच येथे प्रथम चिकित्सा होय.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. साठीच्या जवळ आलेले, स्थूल प्रकृतीचे, माझे जुने परिचित गृहस्थ दक्षिणेची यात्रा करून चौथ्या दिवशी चिकित्सालयात आले. परतीचे अंतर त्यांच्या मुलाने जवळजवळ न थांबता एका दिवसात कापले होते. तक्रार एवढीच, की डावी पोटरी दुखते, जड वाटते. प्रवास, वय, वातप्रकोप, सर्व काही जुळत होते. मी नाडी पाहिली आणि स्नेहन-स्वेदन लिहूनही दिले. आमचा परिचारक तेल कोमट करावयास गेला. तेवढ्यात त्यांची कन्या सहज म्हणाली, "बाबांना एकाच पायात चप्पल होत नाही."

मी पुन्हा उठलो. दोन्ही पाय उघडे करून फितीने मोजले. डाव्या पोटरीचा घेर उजवीपेक्षा चार सेंटिमीटरने अधिक होता. स्पर्शाला उष्णता होती. तेल तसेच ठेवून त्यांना तातडीने रुग्णालयात पाठविले. डॉप्लर तपासणीत पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. योग्य उपचार होऊन ते बरे झाले, आजही येतात. परंतु त्या दिवशी ती मुलगी बोलली नसती, तर मी माझ्या हातांनी त्या पोटरीचे मर्दन करविले असते. गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर काय झाले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो. दोष शास्त्राचा नव्हता. पाद-शोफ हे लक्षण मला पाठ होते. पण दोन्ही पाय उघडे करून पाहण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. दर्शन व स्पर्शन यांवाचून केवळ प्रश्नावर निदान केल्याचा तो दोष होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चार तास वा त्याहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासाने शिरांत गुठळी होण्याचा संभव सुमारे दुप्पट होतो, असे आढळले. विमान, आगगाडी, बस व मोटार या सर्वांना हे लागू आहे. निरोगी माणसात मुळात हा संभव अल्प असतो, म्हणून भयभीत होण्याचे कारण नाही. परंतु ज्यांना पूर्वी असा विकार झाला आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, अर्बुदाचा उपचार चालू आहे, ज्या स्त्रिया गर्भिणी आहेत वा प्रसूतीस सहा आठवडे झालेले नाहीत, ज्या गर्भनिरोधक वा अन्य संप्रेरकाच्या गोळ्या घेतात, तसेच स्थूल व्यक्ती व शिरांच्या ग्रंथी असलेले लोक यांच्याबाबत दक्षता हवी. अशांना प्रवासापूर्वी तज्ज्ञाचा सल्ला घेण्यास सांगावे.

यासाठी प्रत्येक चिकित्सालयात एक साधा नियम असावा. महिन्याभरात दीर्घ प्रवास केलेल्या रुग्णाचा पाय दुखत असल्यास दोन्ही पोटऱ्या मोजल्यावाचून अभ्यंग करू नये. गुडघ्याखालील हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली घेर मोजावा. तीन सेंटिमीटरहून अधिक फरक, एकांगी सूज, उष्णता वा आरक्तता यांपैकी काहीही असल्यास स्नेहन, स्वेदन, मर्दन सर्व वर्ज्य करून रुग्णाला तत्काळ पुढे पाठवावे. फरक कमी निघाला म्हणून मात्र शंका पूर्णपणे फिटली असे मानू नये.

निघण्यापूर्वी विचारावयाचे

प्रवाशाने आदल्या दिवशी न येता आठ-दहा दिवस आधी यावे, अशी सूचना चिकित्सालयात लावणे हितकर. त्या वेळी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. शोधनकर्म चालू आहे काय? बस्तीचे जितके दिवस, त्याच्या दुप्पट परिहारकाल सांगितला आहे. या काळात दीर्घ मोटारप्रवास म्हणजे रथक्षोभ व अत्यासन यांना निमंत्रणच होय. अशा वेळी प्रवास तरी पुढे ढकलावा अथवा शोधन तरी परतल्यावर करावे.

२. नित्य घेतली जाणारी आधुनिक औषधे कोणती? रक्तदाब, मधुमेह, अपस्मार, हृद्रोग यांच्या गोळ्या प्रवासात बंद करावयाच्या नाहीत, हे स्पष्ट सांगावे. "लघवीला जावे लागते म्हणून रक्तदाबाची गोळी चार दिवस घेतली नाही," असे सांगणारे रुग्ण आपणा सर्वांना भेटतात. औषधांचा साठा प्रवासाच्या दिवसांहून चार दिवसांचा अधिक असावा.

३. मधुमेही व्यक्ती आहे काय? औषध घेतले आणि भोजन लांबले तर रक्तशर्करा उतरते. घाम, कंप, गोंधळलेपणा ही लक्षणे घरातील सर्वांना माहीत असावीत आणि साखर हाताशी असावी. इन्सुलिन बंद उभ्या गाडीत ठेवू नये, तसेच बर्फाला थेट चिकटवूनही ठेवू नये.

४. गर्भिणी आहे काय? अतिक्षोभ करणाऱ्या वाहनातून प्रवास हा गर्भोपघातकर भावांत चरकाने शारीरस्थानात सांगितला आहे. प्रवास अपरिहार्य असल्यास तिच्या प्रसूतितज्ज्ञांची अनुमती घ्यावी. आसनपट्टा लावावाच, खालचा पट्टा पोटावरून न नेता पोटाखालून, कटीवरून न्यावा.

५. बालके कोठे बसणार? पुढील आसनावर आईच्या मांडीवर मूल बसविण्याची पद्धत अत्यंत धोक्याची आहे. चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा वा योग्य बालआसन असणे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने बंधनकारक झाले आहे.

आहार, जल व निद्रा

प्रवासात अग्नी विषम होतो, म्हणून लघु, सात्म्य व परिचित अन्न द्यावे. आपल्या आजीच्या शिदोरीत हे सर्व होते. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, कोरडी चटणी, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू हे पदार्थ टिकाऊही आहेत आणि सुपाच्यही. सातूचे पीठ हे तर प्रवासाचे परंपरागत अन्न. मात्र ते भोजनोत्तर, रात्री व अतिमात्रेत खाऊ नये, हा ग्रंथोक्त नियम विसरला जातो. पहिल्याच दिवशी वाटेवरील तेलकट व तिखट पदार्थांनी पोट भरून नंतर घाट चढणे, हे छर्दीचे प्रमुख कारण होय.

पाणी उकळून गार केलेले घ्यावे. असे पाणीही रात्रभर ठेवलेले शिळे झाल्यास दोषकारक सांगितले आहे. म्हणून ते रोज नवे करावे. ते शक्य नसल्यास बंद बाटलीतील पाणी बरे.

येथे स्त्रियांच्या एका अडचणीचा उल्लेख अगत्याचा आहे. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही, या धास्तीने अनेक स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. तृष्णावेग व मूत्रवेग अशा दोहोंचे धारण होऊन परतल्यावर मूत्रकृच्छ्राची तक्रार घेऊन त्या येतात. आपण औषध देतो, पण कारण विचारत नाही. गाडी चालविणाऱ्या पुरुषाला समोर बसवून, "दर दोन तासांनी दहा मिनिटे थांबावयाचे आणि ते कोणी मागितल्यावर नव्हे, घड्याळ पाहून," असे सांगणे, हे चंद्रप्रभेच्या गोळ्यांहून अधिक मोलाचे आहे. या दहा मिनिटांत सर्वांनी खाली उतरून चालावे. गाडीतही टाचा व चवडे आळीपाळीने उचलून पोटऱ्यांची हालचाल करीत राहावे.

निद्रेबाबत सारथ्य करणाऱ्याचा विचार स्वतंत्रपणे करावा. "रात्रीच निघू, रस्ता मोकळा मिळतो," हा विचार लोकप्रिय आहे. परंतु दिवसभर काम करून रात्री निघणाऱ्याला पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान झोप अनावर होते. चहाने वा गाणी लावल्याने ती टळत नाही. आदल्या रात्री पूर्ण झोप घेऊन पहाटे निघणे हेच श्रेयस्कर. जागरण घडलेच, तर जितके जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, भोजनापूर्वी झोपावे, असा वाग्भटांचा निर्देश आहे. तो पाळून मगच पुढे निघावे.

मुक्कामी पोहोचल्यावर कोमट पाण्याने पाय धुऊन, सूज वा वेदना एकांगी नसल्याची खात्री करून, तिळतेलाने पादाभ्यंग करावा. प्रतिमर्श नस्याच्या कालांत 'अध्व' म्हणजे प्रवासानंतरचा काल स्पष्टपणे आला आहे. दोन्ही नाकपुड्यांत दोन दोन थेंब अणुतेल वा साधे तूप सोडल्यास धूळ, उष्मा व वातानुकूलनाचा रूक्ष वारा यांचा परिहार होतो. नवप्रतिश्याय असताना ते करू नये.

घाटातील छर्दी

कानातील संतुलनेंद्रियाला शरीर हलते आहे असे जाणवते आणि गाडीच्या आत खिळलेल्या डोळ्यांना मात्र ते स्थिर दिसते. या विसंवादातून हा विकार होतो. दोन ते बारा वर्षांच्या मुलांत तो अधिक दिसतो. म्हणून गाडीत पुस्तक व भ्रमणध्वनी वर्ज्य करावा, दृष्टी दूरवर लावावी, खिडकी थोडी उघडावी. मोठ्यांनी पुढील आसनावर बसावे. पूर्ण रिकाम्या पोटी किंवा आकंठ जेवून घाटात शिरू नये. आल्याचा तुकडा सैंधवासह, सुंठीची लहान गोळी, आमसूल वा वेलदोडा यांचा उपयोग निघण्यापूर्वी अर्धा तास करावा. वेग आलाच तर तो अडवू नये. गाडी थांबवून उलटी होऊ द्यावी, मग घोट घोट पाणी द्यावे. बाजारात मिळणाऱ्या उलटीच्या गोळ्यांपैकी अनेकींनी गुंगी येते. गाडी चालविणाऱ्याने त्या घेऊ नयेत, हे औषधविक्रेत्याने न विचारताच सांगावे.

औषधालयांसाठी : प्रवासपेटी

अनेक औषधालये आता प्रवासासाठी तयार पेटी देतात. उपक्रम स्तुत्य आहे. तथापि तीत काय असावे यापेक्षा काय नसावे, हे अधिक महत्त्वाचे. त्रिभुवनकीर्ति, आनंदभैरव, संजीवनी यांसारख्या कल्पांत वत्सनाभ, हिंगुळ, भल्लातक यांपैकी द्रव्ये असतात. औषध नियमावलीच्या 'ई-१' परिशिष्टात अशा विषद्रव्यांची यादी असून, ती असलेली औषधे वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावीत अशी सूचना वेष्टनावर असावी लागते. अपरिचित गावी, घाबरलेल्या आईने, अंधारात लहान मुलाला देण्याची ही औषधे नव्हेत. पेटीत त्यांना स्थान नसावे.

सर्वसाधारण पेटीत पुढील द्रव्ये पुरेशी आहेत.

सुंठचूर्ण वा आलेपाक : उत्क्लेश व छर्दी यांसाठी.

हिंग्वाष्टक चूर्ण : आध्मानासाठी, पहिल्या घासाबरोबर तुपातून. लवणभास्कर द्यावयाचे असल्यास रक्तदाबाच्या रुग्णाला त्यातील लवणाचे प्रमाण लक्षात घेऊन टाळावे.

त्रिफळा वा गंधर्वहरीतकी : मलावष्टंभासाठी. मात्रा घरी आधी तपासून घ्यावी. प्रवासातच प्रथम प्रयोग नको.

लघुसूतशेखर : अम्लपित्त व शिरःशूलासाठी. सुवर्णगैरिक व सुंठ एवढीच मुख्य द्रव्ये असल्याने पेटीस योग्य. 'सूतशेखर' व 'लघुसूतशेखर' यांत विक्रेत्याने गल्लत करू नये.

सितोपलादि चूर्ण : कासासाठी. यात साखर असल्याने मधुमेहींना देऊ नये. एक वर्षाच्या आतील बालकास मधातून कोणतेही औषध देऊ नये.

कुटजघन वटी : अतिसारासाठी, परंतु आमावस्थेत प्रथम लंघन व पाचन, स्तंभनाची घाई नको.

जलसंजीवनी अर्थात ओ.आर.एस.ची पाकिटे : किमान सहा.

शेवटच्या घटकाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. अतिसारात, विशेषतः बालकात, प्राणरक्षण होते ते जलसंजीवनीने. मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच संपूर्ण विरघळवावयाचे असते. अर्धे पाकीट पेल्यात टाकण्याची चूक घातक आहे. तयार द्रव चोवीस तासांत वापरावा. दोन वर्षांखालील बालकास प्रत्येक द्रवमलप्रवृत्तीनंतर ५० ते १०० मि.लि., त्यापुढे दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मि.लि. आणि मोठ्यांना इच्छेनुसार द्यावा. बाजारात गोड पेये याच नावाशी साधर्म्य साधून विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओ.आर.एस.' हा शब्द वापरण्यास मनाई केली. ग्राहकाने 'ओ.आर.एस.' मागितल्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनविलेली पावडरच हाती द्यावी.

आसवारिष्टांचा प्रश्नही विक्रेत्यांकडून वारंवार विचारला जातो. आसवारिष्टांत स्वयंनिर्मित मद्यार्क असतो. ३० मि.लि. अरिष्टात तो १० टक्के धरल्यास सुमारे अडीच ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यामुळे दर १०० मि.लि.मागे सहा मिलिग्रॅमच्या आसपास प्रमाण होईल. कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. अर्थात औषधी मात्रेने मर्यादा ओलांडली जात नाही. परंतु घेतल्यानंतर काही मिनिटे मुखात राहिलेल्या अंशाने श्वासचाचणीत भ्रम होऊ शकतो आणि अधिक मात्रा घेणारेही असतातच. म्हणून गाडी चालविणाऱ्यास प्रवासकाळी तोच गुण असलेला काढा, चूर्ण वा वटी द्यावी. जटामांसी, सर्पगंधा यांसारखी निद्राकर द्रव्येही त्याला दिवसा देऊ नयेत.

उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान बाहेरच्यापेक्षा पुष्कळ अधिक चढते. गुग्गुळकल्प मऊ पडतात, कॅप्सूल चिकटतात, घृते वितळून सांडतात. पेटी थैलीत जवळ बाळगण्यास सांगावे. त्याचप्रमाणे नावनिशी नसलेल्या सुट्या पुड्या देऊ नयेत. परगावी प्रकृती बिघडल्यास तेथील डॉक्टरांना पोटात काय गेले आहे हे कळले पाहिजे. प्रत्येक पुडीवर औषधाचे नाव, मात्रा, दिनांक आणि पेटीत सर्व औषधांची, आधुनिक औषधांसह, एक स्वच्छ अक्षरातील यादी असावी.

कोठे थांबावयाचे नाही

छातीत दुखणे वा श्वास अचानक लागणे, एका पायाची सूज, तोंड वाकडे होणे वा वाणी अडखळणे, मलातून रक्त, बालकाचे सुस्तावणे वा मूत्र न होणे, ग्लानी व तीव्र ज्वर यांपैकी काहीही झाल्यास पेटी बंद करून जवळचे रुग्णालय गाठावे, हे निघण्यापूर्वीच बजावावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक महाराष्ट्र, कर्नाटक व तमिळनाडू या तिन्ही राज्यांत चालतो. राष्ट्रीय महामार्गावरील साहाय्यासाठी १०३३ आहे. हे दोन्ही क्रमांक पेटीच्या झाकणावर लिहून द्यावेत.

समारोप

प्रवासाने मन प्रसन्न होते, नातवंडे व आजीआजोबा चार दिवस एकत्र राहतात, हा लाभ लहान नाही. कोणालाही प्रवासापासून परावृत्त करणे हा या लेखाचा हेतू नाही. हादऱ्यांचा त्रास पूर्वजांनी ओळखला आणि बसून राहण्याचा त्रासही ओळखला. आपल्या काळात दुसरा अधिक बलवान झाला आहे, एवढेच ध्यानात ठेवावयाचे आहे. वैद्यबंधुभगिनींनी येत्या सुट्टीपूर्वी आपल्या टेबलावर एक मोजपट्टी ठेवावी आणि औषधालयाच्या चालकांनी आपल्या प्रवासपेटीतील प्रत्येक वेष्टन एकदा उलटून वाचावे, ही नम्र विनंती. आपापले अनुभव सभासदांनी अवश्य कळवावेत; विशेषतः आपल्या हातून राहून गेलेल्या गोष्टी, कारण त्यांपासूनच इतरांना अधिक शिकता येते.